चंद्र, पंचांग आणि शिकलेला माणूस

(एका व्याख्यानाचा मजकूर)



१६ फेब्रुवारी १९८० हा शनिवार होता. त्या दिवशी दुपारी मुंबईचे एरवी वाहते असणारे रस्ते ओस पडले. संप नव्हता, संचारबंदी नव्हती, कोठे दंगल झाल्याचीही वार्ता नव्हती. सूर्याला ग्रहण लागावयाचे होते, एवढेच. कर्नाटकच्या किनाऱ्यावरील अंकोल्यापासून रायचूरमार्गे थेट ओडिशातील पुरी-कोणार्कपर्यंत ते खग्रास दिसले. हैदराबादजवळच्या जापाल-रंगापूर वेधशाळेत शास्त्रज्ञ त्या दोन-अडीच मिनिटांसाठी जय्यत तयारी करून बसले होते. मुंबईत ते खंडग्रास होते. दूरदर्शनने त्या दुपारी हिंदी चित्रपट दाखविला आणि मुंबईकरांनी दारे-खिडक्या लावून घेऊन तो पाहिला.

येथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १९८० साली ज्यांच्या घरी दूरदर्शन संच होता, ते लोक कोण होते? शेतमजूर नव्हते, गिरणीतील बदली कामगारही बहुधा नव्हते. ते कारकून होते, शिक्षक होते, डॉक्टर होते, बँकेतील अधिकारी होते. म्हणजे त्या दुपारी जो वर्ग पडदे ओढून बसला, त्यातील बहुतेकांनी शाळेत ग्रहणाची आकृती काढून गुण मिळविलेले होते. आकृती त्यांना येत होती आणि भयही वाटत होते, आणि या दोहोंमध्ये काही विसंगती आहे असे त्यांना जाणवलेले नव्हते.

चंद्र, पृथ्वी आणि अवकाश यांविषयीच्या गैरसमजांची चर्चा निघाली की आपल्याकडे ‘अडाणी जनते’कडे बोट दाखविण्याची रीत आहे. ही रीत सोयीची आहे, कारण तिच्यामुळे बोलणारा आपोआप सुटतो. वस्तुस्थिती निराळी आहे. कोकणातील कोळ्याला चंद्राची चाल ठाऊक असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे ज्ञान त्याच्या पोटाशी बांधलेले आहे. तिथीची पाऊणपट करून भरतीच्या वेळेचा अदमास बांधणारी जुनी माणसे किनाऱ्यावर आढळतात. तिथीमागे पाऊण तास धरणाऱ्या या तोंडी हिशेबात चंद्राचा रोजचा सुमारे पन्नास मिनिटांचा उशीर जवळजवळ सामावलेला आहे. या माणसाला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त येत नसेल. पण त्याने चंद्र पाहिलेला आहे. शिकलेल्या माणसाने बहुधा पाहिलेला नाही.

हे विधान कठोर वाटेल, म्हणून त्याची परीक्षा घ्यावी. कोणाही पदवीधराला विचारावे की चंद्राच्या कला कशामुळे होतात. दहापैकी कितीतरी जण सांगतील की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून. हा दोष केवळ आपल्या शिक्षणाचा आहे असेही नाही. अमेरिकेतील हार्वर्डसारख्या विद्यापीठात पदवीदानाच्या दिवशी तेथील विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि अध्यापक अशा तेवीस जणांना, ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का होतात, यांपैकी एक प्रश्न विचारला गेला. एकवीस जणांची उत्तरे चुकली. १९८७ साली निघालेल्या एका माहितीपटात ते सारे चेहरे पाहावयास मिळतात. आत्मविश्वासाने, हातवारे करून ते सांगतात की पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा आणि दूर गेली की हिवाळा. वस्तुतः पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ज्या सुमारास निफाडचा शेतकरी थंडीपासून द्राक्षबाग वाचविण्यासाठी बागेत शेकोट्या पेटवीत असतो.

सावलीच्या समजुतीचा निकाल लावण्यास दुर्बीण लागत नाही. शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी अंगणात उभे राहावे. सूर्य पश्चिमेला मावळत असतो आणि अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर आलेला असतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूस, म्हणजे त्या वेळी पूर्वेकडे पडणार. मग ती डोक्यावरच्या चंद्रावर कशी पोचेल? अर्धा चंद्र नेहमीच उजळलेला असतो. त्या उजळलेल्या अर्ध्याचा किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, त्यावर कला ठरते. हे समजण्यास एक संध्याकाळ पुरे. पण ती संध्याकाळ अभ्यासक्रमात नाही, कारण तिच्यावर प्रश्न येत नाही.

महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत महिन्यातून एकदा चंद्राची आतुरतेने वाट पाहिली जाते. संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सोडावयाचा असतो. वेळ दिनदर्शिकेत छापलेली असते, गावोगावच्या वेळा वेगळ्या दिलेल्या असतात. नागपूरला चंद्र पुण्याच्या आधी का उगवतो, पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र चार दिवसांत रात्री नऊ-दहापर्यंत कसा लांबतो, हे प्रश्न ताटावर बसण्याच्या घाईत राहून जातात. उपवास करणाऱ्या गृहिणीची ही थट्टा नव्हे. घरात चंद्राकडे नियमाने पाहणारी तीच एकटी असते. तिला ‘का’ विचारण्याची सवय कोणी लावली नाही, एवढेच.

शाळेतील आकृतीचाही या गोंधळात मोठा वाटा आहे. पुस्तकाच्या पानावर पृथ्वी आणि चंद्र हे शेजारी शेजारी, एकाच पातळीत काढलेले असतात. दुसरे काही शक्यही नसते. कागदाला रुंदी किती! आता पृथ्वी म्हणजे बारा सेंटिमीटर व्यासाचा सोललेला नारळ समजावा. मग चंद्र हा एक लहानसे लिंबू होतो, आणि ते लिंबू नारळापासून सुमारे साडेतीन मीटर दूर, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे लागते. त्याच्या फिरण्याची पातळी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. त्यामुळे पौर्णिमेला ते लिंबू नारळाच्या सावलीच्या दीड-दीड वीत वरून किंवा खालून निघून जाऊ शकते, आणि त्या ठिकाणी सावलीची रुंदी असते जेमतेम चार बोटे रुंद तळहाताएवढी. दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही, याचे उत्तर या लिंबू-नारळात आहे. पानावरच्या आकृतीत ते सापडत नाही.

याच मापाने अवकाशयानांचेही पाहावे. माणसे ज्या अवकाशस्थानकात राहतात, ते पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर आहे. नारळाच्या मापात हे अंतर चार मिलिमीटर भरते. तरीही समज असा की तेथे गुरुत्वाकर्षण संपते. १९८४ साली राकेश शर्मा अवकाशात गेले तेव्हा त्यांना तरंगताना साऱ्या देशाने पाहिले, आणि ‘तेथे ओढ नाही’ ही समजूत घट्ट झाली. त्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते. यान आणि त्यातील माणूस हे दोघेही एकसारखे पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही; आणि आडवा वेग प्रचंड असल्यामुळे पडूनही जमिनीवर येत नाहीत. चंद्रही असाच पडत आहे. दर सेकंदाला तो पृथ्वीकडे साधारण दीड मिलिमीटरहून थोडा कमी पडतो, आणि त्याच सेकंदात सुमारे एक किलोमीटर पुढे सरकतो. ओढ संपली असती तर पौर्णिमाच उरली नसती.

हे गैरसमज निरुपद्रवी आहेत. कला सावलीने होतात असे मानणाऱ्याच्या संसारात काही बिघडत नाही. बिघडते ते ग्रहणाच्या बाबतीत, आणि तेथे प्रश्न अज्ञानाचा कमी आणि ज्ञानाच्या मालकीचा अधिक आहे.

ग्रहण हा छायेचा खेळ आहे हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये स्पष्ट लिहिले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचले आणि ज्या-सारण्यांचा खटाटोप टाळून ग्रहगणित इतके सुटसुटीत केले की पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातील पंचांगे त्यावर चालली. आता लक्षात घेण्याची गोष्ट अशी की राहूने सूर्य गिळल्याचे मानून ग्रहणाची वेळ काढता येत नाही. ती काढावयाची तर सूर्य, चंद्र, छाया आणि चंद्राचा शर यांचे गणितच करावे लागते. म्हणजे ज्योतिषी गणित छायेचे करीत होता आणि त्याच पंचांगात लोकांसाठी वेध, स्नान, जप, दान यांचे नियम लिहीत होता. एकाच पानावर दोन विद्या नांदत होत्या. त्यांतील गणित पोथीत राहिले आणि भय घरोघर गेले. कोणत्याही मक्तेदारीत वस्तू दुर्मीळ ठेवली जाते. येथे समज दुर्मीळ ठेवली गेली.

ग्रहणाच्या परिभाषेत आरंभाला ‘स्पर्श’ आणि शेवटाला ‘मोक्ष’ म्हणतात. गणितात हे दोन्ही शब्द निर्मळ आहेत. पण व्यवहारात स्पर्श झाला की विटाळ आला, आणि विटाळ आला की स्नान आले. ज्या समाजाने माणसाच्या स्पर्शाचा विटाळ मानला, त्याच समाजाने सावलीचाही मानला. आणि ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी देत ग्रहणाच्या वेळी दारोदार कोण फिरत असे? ज्यांना एरवी दाराशी उभे राहू दिले जात नसे ते मातंग समाजातील लोक. राहूशी त्यांचे नाते जोडणारी एक कथाच रचलेली होती. जुनी लुगडी, पसाभर धान्य, एखादे नाणे त्या दिवशी त्यांच्या झोळीत पडे. त्यांच्या दृष्टीने ग्रहण म्हणजे वर्षाकाठी एखाद-दोन वेळा येणारे उत्पन्न होते, आणि त्याची किंमत म्हणून अशुभाशी जोडलेले आपले नाते त्यांना मान्य करावे लागे. ग्रहणाची खिल्ली उडविणाऱ्या सुधारकांनी ही बाजू फारशी पाहिली नाही, असे म्हणावे लागते.

किंमत मोजणारी दुसरी व्यक्ती म्हणजे गरोदर स्त्री. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, चंद्रग्रहणाचे तीन प्रहर. म्हणजे बारा आणि नऊ तास. गर्भवती, बालक, वृद्ध, आजारी यांना पंचांगकर्ते वेधात सवलत देतात, हे येथे न्यायाने नमूद केले पाहिजे. पण ती सवलत घरातील सासूपर्यंत पुष्कळदा पोचत नाही. सुनेने भाजी चिरावयाची नाही, सुईदोरा धरावयाचा नाही, झोपावयाचे नाही, कधी कधी पाण्याचा घोटही घ्यावयाचा नाही. नाहीतर मूल फाटक्या ओठाचे जन्मेल. वैद्यकशास्त्र काय सांगते? गर्भाचा ओठ गर्भधारणेनंतरच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो. त्या वेळी अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचीही धड खात्री नसते. सातव्या-आठव्या महिन्यात जिला अंधाऱ्या खोलीत बसविले जाते, तिच्या बाळाचा ओठ केव्हाच तयार झालेला असतो. दुभंगलेल्या ओठामागे आनुवंशिकता, मातेचे पोषण, काही औषधे, तंबाखूचा धूर अशी कारणे असू शकतात. सूर्यावरून सरकणारा चंद्र त्यांत नाही. आणि तरीही असे मूल जन्मले की दोष मातेवर येतो: ग्रहणात तिने काही चिरले असेल. ती नाही म्हणाली तरी आठवून आठवून तिच्याकडून एखादा अपराध कबूल करून घेतला जातो.

२६ डिसेंबर २०१९ च्या कंकणाकृती ग्रहणाच्या दिवशी आपल्या सीमेला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात काही अपंग मुलांना बरे वाटावे म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरण्यात आले. त्यांचे आईबाप निर्दय नव्हते. ज्याला मुलाच्या आजारावर कोठेच उपाय मिळत नाही, तो ग्रहणाकडे वळतो. आणि म्हणून त्या खड्ड्याचा संबंध खगोलशास्त्राच्या धड्याइतकाच तालुक्याच्या दवाखान्याशीही आहे.

विज्ञानाच्या नावाने नवे भय कसे तयार होते, तेही ग्रहणातच दिसते. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी टक लावू नये, ही सूचना खरी आहे. नेत्रपटलाला इजा होते, ती कायमचीही असू शकते. परंतु ती ग्रहणाच्या दिवशीच दिली गेल्यामुळे लोकांनी असा अर्थ काढला की त्या दिवशी सूर्यातून काही निराळे, घातक किरण निघतात. सूर्य रोजचाच असतो. इतर दिवशी त्याच्याकडे पाहवत नाही आणि पाहण्याचे कारणही नसते. त्या दिवशी मात्र पाहण्याचा मोह होतो, एवढाच फरक. झाडाखाली उभे राहिले तर पानांच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या शेकडो चंद्रकोरी जमिनीवर पडलेल्या दिसतात. पाहण्याचा इतका सुरक्षित आणि फुकटचा मार्ग उपलब्ध असता घराबाहेरच पडू नका असे सांगणे म्हणजे जुन्याच पडद्याला विज्ञानाचा नवा रंग देणे होय.

वर्तमानपत्रांचा कारभारही याहून फार वेगळा नाही. अधूनमधून ‘सुपरमून’चे मथळे झळकतात. हा शब्द कोणा खगोलशास्त्रज्ञाचा नव्हे. १९७९ साली एका अमेरिकन फलज्योतिष्याने तो प्रचारात आणला. सर्वांत जवळचा पौर्णिमेचा चंद्र सर्वांत दूरच्या चंद्रापेक्षा सुमारे चौदा टक्के मोठा दिसतो, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहता येत नसल्यामुळे साध्या डोळ्यांना तो फरक सहसा कळत नाही. उगवताना चंद्र जो मोठा भासतो, तो डोळ्यांचा नव्हे तर मनाचा भ्रम आहे. कागदाच्या नळकांड्यातून पाहिले की तो लगेच आपल्या मूळ आकारावर येतो. कोजागरीचा चंद्र पृथ्वीच्या सर्वांत निकट असतो हाही असाच एक समज. चंद्राच्या जवळ-दूर होण्याचा मेळ एका ठरावीक महिन्याशी बसत नाही. मसाला दूध त्यामुळे बेचव होत नाही, ही गोष्ट वेगळी.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ चंद्रावर अलगद उतरले. ती कामगिरी थोर आहे. पण दुसऱ्या दिवशी किती ठिकाणी छापून आले की आपण चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरलो! ते स्थान सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. तेथून ध्रुव सहाशे किलोमीटरांहून दूर. काहींनी तर त्याला चंद्राची ‘अंधारी बाजू’ म्हटले. चंद्राला कायमची अंधारी बाजू नाही. आपल्याला न दिसणारी बाजू आहे, आणि तिच्यावरही दोन आठवडे ऊन असते. सोव्हिएत रशियाच्या ‘ल्यूना-३’ ने १९५९ सालीच तिची छायाचित्रे पाठविली होती. २०१९ च्या जानेवारीत चीनचे यान तेथे उतरले. २००९ साली ‘चांद्रयान-१’ वरील उपकरणाच्या आधारे चंद्रावर पाणी असल्याचे जाहीर झाले, तेव्हाही लोकांच्या डोळ्यांसमोर तळी आली. प्रत्यक्षात तो मातीच्या कणांना चिकटलेल्या अत्यल्प अंशाचा पुरावा होता. यशाला फुगविण्याची गरज नसते. फुगविले की ते समजून घेण्याचे श्रम टळतात.

उलट बाजूने, माणूस चंद्रावर गेलाच नाही असे सांगणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांत इंग्रजी शिकलेले अधिक आहेत. त्यांना एवढेच सांगावे की अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडमातीचे नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते आणि देवेंद्र लाल यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला होता. तेथे ठेवलेल्या आरशांवर आजही लेसर किरण सोडून चंद्राचे अंतर मोजतात. तो वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे.

‘गरीब देशाला चंद्र कशाला?’ हा प्रश्न समाजवाद्यांकडून नेहमी येतो. तो विचारलाच पाहिजे, परंतु आकड्यांसह विचारला पाहिजे. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये सांगितला जातो. एकशे चाळीस कोटी लोकसंख्येत तो माणशी साडेचार रुपयांच्या आत येतो. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखविले गेले, तो प्रयोग याच कार्यक्रमातून निघाला. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या घरात माणसे गेली. २०१३ च्या ‘फायलीन’ वादळात मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली, कारण उपग्रहांनी वेळीच इशारा दिला आणि शासनाने लाखो लोकांना हलविले. तेव्हा पैशाची तक्रार फारशी टिकत नाही. तक्रार करावयाची तर ती दुसऱ्या गोष्टीची. ज्या देशात उड्डाणापूर्वी अग्निबाणाची प्रतिकृती देवळात नेली जाते, त्या देशाच्या घटनेत १९७६ पासून वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. ते कर्तव्य साडेचार रुपये भरून पार पडत नाही.

तपासून पाहण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला, तो मराठीत. पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे, असा वाद त्या काळी पुण्या-मुंबईत हिरिरीने चालत असे. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ च्या अहवालात तेच सांगितले. दिवस मोठा होण्यास आरंभ होतो तो २१-२२ डिसेंबरला. तरी उत्तरायण आपण मकरसंक्रांतीलाच, सुमारे चोवीस दिवस उशिरा, मानतो. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्यामुळे हे अंतर साधारण बहात्तर वर्षांना एक दिवस वाढत जाते. शासनाने १९५७ साली राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. ती राजपत्रावर छापली जाते. घरातील भिंतीवर मात्र ती आली नाही. तिळगूळ जानेवारीतच वाटला जावा, त्याला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती ‘आजपासून दिवस मोठा’ या वाक्याला, जे खिडकीतून पाहणाऱ्या कोणालाही तीन आठवडे आधीच खोटे ठरविता येते.

२ ऑगस्ट २०२७ रोजी, आषाढी अमावास्येला, महाराष्ट्रात दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण आहे. दिवस ऐन पावसाळ्याचा. कोकणात आणि मुंबईत सूर्य दिसण्याचा संभव थोडाच. सोमवार असल्यामुळे शाळा भरलेल्या असतील. घाटाच्या पूर्वेला, सोलापूर-लातूरकडे, ढग विरळ असले तर शाळेच्या आवारात एका पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून कोरलेला सूर्य साऱ्या वर्गाला जमिनीवर दाखविता येईल. खर्च काहीच नाही. मुले घरी गेल्यावर आईला आणि आजीला काय सांगतात, आणि घरात कोणी दिवस गेलेली असेल तर तिला त्या संध्याकाळी जेवावयास मिळते की नाही, हे त्या पुठ्ठ्यावर पुष्कळसे अवलंबून राहील. ढग असले, तरी वेध पाळले जातीलच.